एक्स्टसी : उसन्या आनंदाचे मेंदूवरील कर्ज

रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांत एक रंगीत गोळी हातोहात फिरते. ती घेतल्यावर तासाभरात थकवा नाहीसा होतो, अनोळखी माणसेही जिवलग वाटू लागतात आणि तीन ते सहा तास ही अवस्था टिकते. ‘एक्स्टसी’ किंवा ‘मॉली’ या नावांनी विकल्या जाणाऱ्या या उत्तेजक पदार्थाचे शास्त्रीय संक्षिप्त नाव आहे एमडीएमए. हा आनंद गोळीत नसतो. तो मेंदूच्याच साठ्यातून उपसला जातो. त्या उपशाची किंमत कोणती, हे समजून घेणे आवश्यक आहे.

जर्मनीतील मर्क कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी १९१२ मध्ये हे संयुग प्रथम तयार केले. रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधाच्या शोधातील तो केवळ एक मधला टप्पा होता. १९७० च्या दशकात अमेरिकी रसायनतज्ज्ञ अलेक्झांडर शुल्गिन यांनी त्याच्या मानसिक परिणामांकडे लक्ष वेधले. पुढे ते पार्ट्यांत पोहोचले आणि १९८५ मध्ये अमेरिकेने त्यावर बंदी घातली.

सेरोटोनिनचे कार्य

सेरोटोनिन हा चेतापेशींमधील रासायनिक संदेशवाहक आहे. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते. मेंदूतील वाटा अल्प असला तरी मनःस्थिती, झोप, भूक, स्मृती आणि शरीराचे तापमान यांच्या नियमनात त्याचा सहभाग असतो. ते तयार करणाऱ्या पेशी मस्तिष्कस्तंभात असतात. त्यांचे लांब तंतू वडाच्या पारंब्यांप्रमाणे संपूर्ण मेंदूभर पसरलेले असतात.

या तंतूंच्या टोकांवर एक वाहक प्रथिन असते. बाहेर पडलेले सेरोटोनिन परत आत ओढून घेणे, हे त्याचे काम. एमडीएमए याच दाराने पेशीत शिरते आणि दाराची दिशाच उलटी करते. साठवलेले सेरोटोनिन आत येण्याऐवजी बाहेर लोटले जाते. त्याच वेळी नवे सेरोटोनिन तयार करणारे विकर निकामी होते. कोठार रिकामे आणि आवक बंद, अशी ही दुहेरी कोंडी असते. गोळी घेतल्यानंतर काही दिवसांनी अनेकांना जाणवणारी उदासी व चिडचिड यांचा संबंध संशोधक या टंचाईशी जोडतात.

तंतूंची झीज

प्राण्यांमध्ये मोठ्या मात्रेनंतर याहून गंभीर बाब आढळली आहे. पेशींत तयार होणाऱ्या घातक ऑक्सिडीकारक रेणूंमुळे तंतूंची टोके झडतात. मूळ पेशी मात्र बहुधा जिवंत राहते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केवळ चार दिवस एमडीएमए दिलेल्या माकडांच्या मेंदूत सात वर्षांनंतरही या तंतूंची रचना पूर्ववत झालेली नव्हती. काही भागांत ते विरळ, तर काही भागांत प्रमाणाबाहेर दाट झाले होते.

माणसाच्या मेंदूत असे थेट पाहता येत नाही. तथापि १९९८ मधील ‘लॅन्सेट’मधील अभ्यासात आणि २०१० मध्ये टोरांटो येथील संशोधकांनी केलेल्या मेंदूच्या चित्रणात, नियमित सेवन करणाऱ्यांमध्ये वाहक प्रथिनाचे प्रमाण कमी आढळले. स्मृतीच्या चाचण्यांतही असे लोक मागे पडल्याचे अनेक अभ्यासांत दिसले. सेवन थांबवल्यावर प्रथिनाचे प्रमाण बऱ्याच अंशी सुधारते, असे संकेत आहेत. परंतु असे लोक अनेकदा इतर पदार्थही घेत असल्याने नेमका दोष कोणाचा, हे ठरवणे अवघड जाते.

या क्षेत्रात एक मोठी चूकही घडली. एमडीएमएमुळे डोपामिन यंत्रणेचीही गंभीर हानी होते, असे सांगणारा २००२ मधील ‘सायन्स’मधील शोधनिबंध पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला. बाटल्यांवरील लेबलांच्या गोंधळामुळे प्राण्यांना प्रत्यक्षात मेथॅम्फेटामिन दिले गेले होते! मात्र त्यामुळे सेरोटोनिनविषयीचे आधीचे पुरावे खोटे ठरत नाहीत.

तातडीचा धोका

वर्षांनंतरच्या झिजेपेक्षा त्याच रात्रीचा धोका अधिक जीवघेणा ठरू शकतो. गर्दी, उकाडा आणि सततचे नृत्य यांत शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर जाते. प्रयोगांत याच उष्णतेने तंतूंची हानीही वाढते. उलटपक्षी भीतीपोटी अतोनात पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून मेंदूला सूज येऊ शकते. १९९५ मध्ये इंग्लंडमधील एका १८ वर्षांच्या मुलीचा मृत्यू असाच झाला. काही नैराश्यविरोधी औषधांसोबत ही गोळी विशेष घातक ठरते. शिवाय गोळीत नेमके काय आहे, हे घेणाऱ्याला माहीत नसते.

अंग तापणे, स्नायू ताठरणे, भ्रम किंवा झटके येणे अशी लक्षणे दिसल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी आणि काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नये.

कायदा आणि उपचार

भारतात एनडीपीएस कायद्यानुसार एमडीएमए बाळगणे व सेवन करणे हा गुन्हा आहे. केवळ १० ग्रॅमपेक्षा अधिक साठा ‘व्यावसायिक प्रमाण’ ठरतो आणि त्यासाठी किमान १० वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून मानसिक आघातोत्तर विकारासाठी अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना एमडीएमए वापरण्याची मुभा मिळाली. अमेरिकेने २०२४ मध्ये अशी परवानगी नाकारली. परंतु देखरेखीखाली दिलेली शुद्ध, मोजकी मात्रा आणि काळोखात विकत घेतलेली अनोळखी गोळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संशोधकांतील मतभेद हानी किती आणि किती काळ टिकते, याविषयी आहेत. त्यांचा अर्थ ‘धोका नाही’ असा काढणे परवडणारे नाही.