शिवोलीची ध्वनिफीत

पेडणे महालातील चोपडे येथून शापोरा नदीपलीकडे शिवोली दिसते. याच गावी १९८४ साली रेमो फर्नांडिस यांनी, कोणा कंपनीची वाट न पाहता, राहत्या घरी एका लहानशा यंत्रावर ‘गोवन क्रेझी’ ही रॉक गीतांची ध्वनिफीत मुद्रित केली. वाद्ये त्यांनीच वाजविली, वेष्टनावरील चित्रही स्वतःच काढले. आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी ती पोहोचविली. १९८६ च्या ‘पॅक दॅट स्मॅक’मध्ये त्यांनी मादक द्रव्यांविरुद्ध आवाज उठविला, १९८७ च्या ‘जलवा’ चित्रपटाने तो आवाज देशभर नेला. २००७ साली पद्मश्रीही लाभली. मात्र यशाचे हे दालन उघडण्यापूर्वी पहिला विश्वास दाखविला तो गोव्यातील साध्या ग्राहकाने. त्याचे ऋण इतिहासाने विसरू नये.