घाटाखालचे मालगुजारी वाडे

जामसांवली, सौंसर, पांढुर्णा हा सातपुड्याच्या घाटाखालचा मुलूख. काळी कपाशीची जमीन, संत्र्याचे बगीचे, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. देवगडच्या गोंड राजांकडून तो अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८५३ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये हा भाग मध्य प्रांतात मोडू लागला. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्ह्यातला हा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ पासून त्याचा पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे. सरहद्द कुठेही सरकली तरी इथल्या जुन्या घरांची घडण नागपुरी वळणाचीच आहे, आणि त्यांत सर्वांत मोठे घर बहुधा मालगुजाराचे.

मालगुजार हा इंग्रजी बंदोबस्तातून उभा राहिलेला माणूस. १८६० च्या दशकात मध्य प्रांतात जमीनमहसुलाची नवी व्यवस्था लागली. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्याला त्या गावाचे मालकी हक्क मिळाले. त्याचा वाडा त्यामुळे घर, कचेरी आणि कोठार असे तिन्ही होता. दरवाजा भरलेली बैलगाडी आत जाईल एवढा. आत ढेलज, पुढे चौक, चौकाभोवती ओसरी. ओसरीवर कुळांचे हिशेब होत आणि भांडणेही तुटत. धान्याच्या खोल्या कोरड्या बाजूला, गुरांचा कोठा मागे. प्रत्यक्ष कुटुंबाच्या वाट्याला माजघर, स्वयंपाकघर, देवघर आणि एक-दोन अंधाऱ्या खोल्या येत. एवढ्या मोठ्या वास्तूत माणसांच्या राहण्याची जागा थोडीच होती, हे आज वाडा दुरुस्त करायला घेणाऱ्याच्या पहिल्या आठवड्यात लक्षात येते.

बांधणी साधी आणि हुशारीची. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भिंत टिकत नाही. म्हणून वस्ती उंचवट्याच्या पांढरीवर. भिंती मातीच्या किंवा मातीत रचलेल्या विटांच्या, दोन-दोन फूट जाड. छपराचा भार मुख्यतः सागवानी खांबांवर आणि मयालींवर, म्हणजे आडव्या तुळयांवर. प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा, ओल लाकडात चढू नये म्हणून. छपरावर कवेलू, म्हणजे देशी कौले. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळती नळी ओढतो, ओली असतानाच तिला उभ्या चिरा देतो आणि भाजून झाल्यावर नळीची दोन कवेलू होतात. मंगलोरी कौले नंतरची. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला आणि रेल्वेने ती कौले आतवर पोचवली. लाकडी वाड्यांना खरी भीती आगीची होती: नागपूरचा भोसल्यांचा कोरीव लाकूडकामाचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला.

कवेलूंचे छप्पर दरसाल फेरावे लागते. मृगाच्या आधी माणूस वर चढतो, फुटकी काढतो, सरकलेली बसवतो, खालच्या फाट्यांवरची माती झाडतो. माकडांचा उपद्रव असलेल्या गावात हे काम पावसाळ्यातही निघते. मालगुजाराला त्याची चिंता नव्हती; बलुतेदार होते, धान्य होते, हुकूम होता. मध्य प्रदेशाने १९५० मध्ये मालकी हक्क रद्द करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. वाड्याची पडझड पावसाने झाली असे म्हटले जाते. खरे तर ती या तारखेपासून सुरू होते. कचेरी गेली, कोठारे रिकामी झाली, छपराचा खर्च तेवढा राहिला. पुढे वाटण्या झाल्या. एकाच चौकात चार चुलत घरे, मध्ये विटांच्या आडभिंती, आणि सामाईक छपराच्या पन्हळीखालची जागा कोणाचीच नाही. मुले नागपूरला नोकरीला गेली. सागाचा भाव वाढला तेव्हा काही वाडे नुसत्या लाकडासाठी उतरवले गेले.

उरलेल्यांचे सिमेंटने जास्त नुकसान केले, हे मत जरा कठोर वाटेल, पण भिंती तेच दाखवतात. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून सोडून देते. पूर्वी ती पांढऱ्या मातीने पोतारत, सधन घरी चुन्याचा गिलावा करत. दोन्हींतून हवा खेळते. सिमेंटचा गिलावा ओल कोंडतो. दोन-चार पावसाळ्यांत आतली माती भुसभुशीत होते आणि वरचा पापुद्रा ठोकला की पोकळ वाजतो. मयालीचे जे टोक अशा भिंतीत गाडलेले असते ते आतल्या आत कुजते. बाहेरून लाकूड धडधाकट दिसते, सळई टोचली की ती सहज आत जाते. गॅस आल्यावर चुलीचा धूर थांबला. धुराने फाट्यांतल्या किडीला आळा बसत असे, तोही संपला.

म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरलेला. आधी वाटणीचे कागद, मग छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग लाकूड, रंगरंगोटी शेवटी. छपराला टेकू देऊन कुजलेल्या खांबाचा पायच कापतात, जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडतात आणि तळखडा उचलून घेतात. खांब बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडते. इंग्रज कलावंत विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये लंडनमध्ये जुन्या इमारती जपणारी संस्था काढली, तिचा आग्रहही हाच होता: नव्याने सजवू नका, डागडुजी करत राहा.

कुटुंबाला मात्र संडास, न्हाणी आणि ओटा हवा असतो. हे सारे माजघरात घुसवले की मातीच्या भिंतीत कायमची ओल शिरते. बरे जमते ते मागच्या कोठ्यात: तिथे फरशी आधीच दगडी, उतार बाहेरचा आणि भिंत बहुधा आधीच पडलेली. धान्याच्या खोल्यांना उंचावर झरोके असतात. तिथे काचेची कवेलू बसवली की झोपायची खोली होते. वायरिंगसाठी भिंत फोडायची नाही, लाकडाच्या कडेने नळी न्यायची. चौक झाकून हॉल करण्याचा मोह आवरावा लागतो, कारण इथल्या मे महिन्यात घर थंड ठेवतो तो चौकच.

जामसांवलीला निद्रिस्त हनुमानाच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ मोठी आहे, आणि २०२३ मध्ये ‘हनुमान लोक’ या मंदिर परिसराचे काम हाती घेतल्यापासून आसपासच्या जागांना भाव आहे. अशा गावात दर्शनी ओसरी दुकानाला देऊन मागे राहणे हा जुन्या कचेरीचाच नवा अवतार. दरसालची मजुरी तिच्यातून निघू शकते. कवेलू फेरणारे हात आता कमी झाले आहेत. त्यावर मिस्त्रींनी काढलेला तोडगा असा: फाट्यांवर आधी पत्रा, त्यावर पट्ट्या, आणि पट्ट्यांवर जुनीच कवेलू. माकडाने दहा फोडली तरी पाणी पत्र्यावरून वाहून जाते, आणि छप्पर दरसालऐवजी सवडीने फेरता येते.