शिकलगाराचा हात

खंडेनवमीला घरोघरची हत्यारे बाहेर निघतात. सोलापुरात त्या दिवशी मागाला फुले वाहतात, सुताराच्या करवतीला हळदकुंकू लागते, आणि एखाद्या जुन्या वाड्यात खुंटीवरची शिकारीची बंदूक फडक्याने पुसून पाटावर ठेवली जाते. पूजा होते, आरती होते, आणि बंदूक पुन्हा वर्षभरासाठी खुंटीवर जाते. ती पुसायची कशाने, किती घासायची, तिच्या लाकडाला कोणते तेल लावायचे, हे मात्र आता घरात कोणालाच ठाऊक नसते. एके काळी ते ठाऊक असणारा माणूस गावोगाव होता. त्याचे नाव शिकलगार.

‘सैकल’ म्हणजे घासून आणलेली चकाकी. या अरबी शब्दाला फारसीचा ‘गर’ जोडला गेला आणि दख्खनच्या जिभेवर घोळून त्याचा शिकलगार झाला. तलवारीला पाणी चढवणे लोहाराचे काम. पण तिचा गंज काढणे, धार राखणे आणि पोलादावरचे नक्षीकाम न दुखवता ते उजळणे हे काम शिकलगाराचे. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागांत हे आडनाव आजही आढळते. आडनाव राहिले, धंदा गेला; तो का गेला, याची कथा बंदुकीच्याच इतिहासात आहे.

आपल्या जिल्ह्यात हत्यारांची परंपरा शोधायची तर अक्कलकोटला जावे. छत्रपती शाहू महाराजांनी पारदच्या लोखंडे पाटलांचा मुलगा आपला मानला आणि त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले. त्याच्याच वंशाकडे अक्कलकोटचे राज्य 1948 पर्यंत होते. तिथल्या राजघराण्याचा शस्त्रसंग्रह नावाजलेला आहे. असा कोणताही संग्रह पाहताना आपले लक्ष रत्नजडित मुठींकडे जाते. पण दोन-अडीचशे वर्षांचे पोलाद आज डोळ्यांना दिसते आहे, ते पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी ते पुसत आले म्हणून, ही गोष्ट सहसा मनात येत नाही.

तलवारीच्या मानाने बंदुकीने रूपे फार भराभर बदलली. पेटत्या वातीची तोड्याची बंदूक गेली, नळीच्या तोंडातून दारू भरायची ठासणीची बंदूक आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काडतूस आले. त्याच सुमारास अमेरिकेत तरफेची रायफल जन्माला आली. विंचेस्टर कंपनीची 1873 सालची बंदूक ही तिच्यातली सर्वांत प्रसिद्ध. पुढे जॉन ब्राउनिंग या कारागिराने त्याच कंपनीसाठी रचलेल्या 1894 च्या नमुन्याच्या सत्तर लाखांहून अधिक बंदुका निघाल्या. हिची करामत साधी आहे. चापाभोवतीची कडी हीच तरफ. ती खाली ढकलली की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि घोडा चढतो. वर ओढली की नळीखालच्या पन्हळीतून आलेले नवे काडतूस जागेवर बसते. खांद्यावरून बंदूक न काढता पुन्हा नेम धरता येतो.

हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांचा ओढा मात्र विलायती दुनळीकडे अधिक होता. तरफेचा इंग्रजी अवतार म्हणजे 1871 साली गोऱ्या फौजेने स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री. तीही कडी खाली ओढूनच उघडायची, पण काडतूस प्रत्येक वेळी हाताने घालावे लागे. 27 जुलै 1880 रोजी अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली, तेव्हा गोऱ्या पलटणीजवळ मार्टिनी होत्या. तिच्या शेजारी लढणाऱ्या मुंबई ग्रेनेडियर्सच्या देशी शिपायांना मात्र जुन्या स्नायडर बंदुका दिलेल्या होत्या. सत्तावन्न सालानंतर देशी शिपायाच्या हाती एक पिढी मागचे हत्यार ठेवायचे, हे सरकारचे ठरलेले धोरण होते.

शिपायाची ही गत, मग रयतेचे काय विचारावे! 1857 च्या अखेरीस हत्यारे जमा करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी तो मानला नाही, आणि त्यापायी प्राण दिले. 1878 साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. ही सल पुढे कितीतरी वर्षे टिकली. जानेवारी 1930 मध्ये अहिंसेचे पुजारी महात्माजी यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतही स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही एक मागणी होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यांवर गोळ्या सुटल्या आणि शहरात लष्करी कायदा आला. बंदूक कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्या शहराने फार जवळून पाहिले आहे.

या साऱ्या उलथापालथीत शिकलगाराची नोंद कोण घेणार? घरात हत्यारच राहिले नाही, तर ते उजळायला येणार कोण? तो सुऱ्या-कात्र्यांना धार लावू लागला, कुलुपांच्या किल्ल्या करू लागला. हातातली कला तीच राहिली. तिच्यापुढे येणारी वस्तू बदलली.

ज्यांच्याकडे परवाने होते, त्यांच्या बंदुका शिकारीला लागल्या. त्या शिकारीचे माप एका आकड्यावरून कळेल. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने 1809 ते 1829 या वीस वर्षांत अहमदनगरच्या मुलखात 961 माळढोक मारल्याची नोंद आहे. तेव्हा तर बंदुका अजून ठासणीच्याच होत्या! 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि 1979 साली सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य झाले. शिकारीची बंदूक खुंटीवर गेली ती कायमची. आणि ते योग्यच झाले.

पण काम संपले म्हणून वस्तूला टाकून द्यायचे नसते. परवान्याची जुनी बंदूक ज्या घरात आहे, त्यांनी शिकलगाराच्या दोन-चार गोष्टी जरूर लक्षात ठेवाव्यात. पहिली गोष्ट पाण्याची. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याचा क्षार नळीत उरतो. तो मिठासारखा हवेतला ओलावा ओढतो आणि आतून पोलाद खातो. तो तेलात विरघळत नाही. म्हणून जुने जाणकार नळी आधी कढत पाण्याने धूत, पूर्ण कोरडी करीत, आणि मगच तेलाचा हात फिरवीत.

दुसरी गोष्ट तेलाची. दस्त्याच्या अक्रोडी लाकडाला जवसाचे तेल लावतात. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच हे जवस. ते हवेतला प्राणवायू घेऊन सुकते आणि लाकडावर पातळ साय धरते. शेंगदाण्याचे तेल लावाल तर ते चिकटच राहील आणि धूळ गोळा करील. मात्र जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेटही घेतात. ती मोकळी पसरून वाळवावीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आहे न करण्याची. जुन्या नळीवरचा तपकिरी वा काळसर थर म्हणजे मळ नव्हे. कारागिराने मुद्दाम गंज चढवून, तो उकळत्या पाण्यात काळा करून हा थर आणलेला असतो. काट्याने काटा काढावा तसे गंजानेच गंजाला अडवलेले असते. उत्साही नातू पॉलिश कागद घेऊन बसला की तासाभरात नळी आरशासारखी चमकते. पण त्या थराबरोबर कारखान्याचा शिक्का, नळीच्या परीक्षेची खूण आणि क्रमांकही पुसट होतात. बंदुकीचे जन्मगाव सांगणारा कागद तोच असतो. तांबडा, भुरभुरणारा गंज तेवढा तेलाने हलक्या हाताने काढावा. बाकीचे वय तिच्या अंगावर राहू द्यावे.

याच्या पुढचे काम घरातले नाही. 1959 च्या हत्यार कायद्याने बंदूक बाळगायला परवाना लागतो, तसा ती दुरुस्त करायलाही लागतो. स्प्रिंग बदलणे, घोडा जुळवणे हे परवानाधारक कारागिराचे काम. आणि शंभर वर्षांच्या नळीतून नव्या दारूचे काडतूस उडवून पाहण्याचा मोह तर कोणीच धरू नये; पट्ट्या पिळून घडवलेल्या जुन्या नळ्या त्या दाबाने फुटतात.

चकाकी आणणारा हात कुठे थांबायचे हेही जाणत असे. शिकलगाराची खरी विद्या तीच होती. वाड्यातल्या जुन्या बंदुकीत कोणाचा पराक्रम असेल, कोणाची हौस, आणि बहुधा पुष्कळ मुक्या प्राण्यांचे रक्तही असेल. यांतले काहीच घासून पुसून टाकू नये. पुढच्या पिढीने ती पाहावी ती तशीच, साऱ्या खुणांसकट.