वहीतले नाव



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मी पाककृती न देता कर्जाविषयी लिहिते आहे, याचे काही जणींना नवल वाटेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु घरचा जमाखर्च आज वीस वर्षे मीच लिहिते, आणि बचत गटाची वहीही काही काळ माझ्याकडे होती. त्यातूनच पूर्वीचे लोक कर्ज कसे घेत आणि त्याची नोंद कोण ठेवी, हे वाचण्याचा नाद मला लागला.

पुणे जिल्ह्यातील सुपे हे गाव पुष्कळ जणींना ठाऊक असेल. १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, तेथील शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. लूट झाली, जाळपोळही झाली. पण त्यांचा खरा रोख होता खतपत्रांवर. पुढे हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कितीतरी गावांत पोहोचले. ज्या सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. कागद तेवढे जाळून टाकले.

कागदावर एवढा राग का? अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी चालली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकार न मागता कर्ज देऊ लागले. लढाई थांबली, भाव कोसळला. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. देणे मात्र होते तेथेच राहिले. राहिले कसले, वाढले!

ते कसे वाढले हे समजून घेण्यासारखे आहे. १८५९ साली सरकारने असा कायदा केला की कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे. हेतू चांगला होता. व्याज साचत जाऊ नये. पण सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात धरी. मी एकदा याचा हिशेब मांडून पाहिला. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनी १७२ चे नवे खत, सहा वर्षांनी सुमारे २९६ चे, नऊ वर्षांनी सुमारे ५०९ चे! साध्या व्याजाने हेच देणे ३१६ झाले असते. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, असा दामदुपटीचा नियम आपल्याकडे पूर्वापार होता. पण मुद्दलच नव्याने लिहिले की तो नियम बिचारा काय करणार? दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला. त्याच्यापुढे आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेले निघाले.

आणि या खताखाली सही कोणाची? लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करी, बाई असली तर बांगडीची. वर काय लिहिले आहे, ते सावकाराने सांगावे आणि आपण ऐकावे.

१८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी नवा कायदा झाला. न्यायाधीशाने नुसते खत न पाहता व्यवहार मुळापासून तपासावा, कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, असे त्यात होते. मला मात्र त्यातली दुसरीच कलमे आवडतात. भरलेल्या पैशाची पावती मागणे, वर्षातून एकदा खात्याचा उतारा मागणे आणि स्वतःजवळ पासबुक ठेवणे हा ऋणकोचा हक्क ठरला. आपले नाव दुसऱ्याच्या वहीत असेल तर ती वही आपल्याला दिसली पाहिजे, एवढीच गोष्ट. पण त्यासाठी केवढे रामायण व्हावे लागले!

बायकांचे नाव वहीत यायला मात्र आणखी बराच काळ गेला. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका वाण्याकडून उधारीवर माल आणीत, अडीअडचणीला डाग गहाण टाकीत. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले व बँकेचे कर्ज मिळवून दिले. साताऱ्याच्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा नकार दिला; अर्जदारांत अंगठेबहाद्दर बायका होत्या ना! त्या बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी बँक उभी राहिली. व्याजाचा तोंडी हिशेब करण्यात आम्ही तुमच्या साहेबांना हरत नाही, असे त्यांनी तेथे ऐकवल्याचे सांगतात. मला ते अगदी खरे वाटते.

हल्लीची वही निराळीच. सन २००० मध्ये सिबिल ही कंपनी निघाली, २००५ साली त्याविषयी कायदा झाला आणि आज अशा चार कंपन्या आहेत. बँकेचे कर्ज, क्रेडिट कार्ड, हप्त्यावर घेतलेला फ्रीज, सूक्ष्म वित्त कंपनीचे कर्ज, सगळ्यांच्या हप्त्यांची नोंद तेथे होते आणि त्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा निघतो. आपण कोणाला जामीन राहिलो असू तर तेही तेथे दिसते, आणि त्याने हप्ते थकवले तर आपल्याही पतीला (घरच्या नव्हे, बाजारातल्या!) धक्का बसतो. भाऊजींनी सांगितले म्हणून पदर खोचून सही करणाऱ्या माझ्या मैत्रिणींसाठी हे मुद्दाम लिहिते.

क्रेडिट कार्डावर ‘किमान रक्कम’ म्हणून एक आकडा छापलेला असतो. तेवढाच भरला तर उरलेल्यावर व्याज चढते, पुष्कळ कार्डांवर दरमहा शेकडा साडेतीन रुपयांच्या आसपास. माझ्या हिशेबातला सावकार दोनच रुपये घेत होता!

२०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपण स्वतः मागवल्याने आकडा कमी होत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी तो मागवला, तर तीन वर्षांपूर्वी फेडलेले शिलाई यंत्राचे कर्ज त्यात अजून चालूच दिसत होते. त्यांनी कर्ज फिटल्याचा दाखला जोडून तक्रार केली. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा २०२४ पासून नियम आहे. वहिनींची नोंद तीन आठवड्यांत दुरुस्त झाली. त्यांच्या तक्रारीचा मजकूर मी माझ्या वहीत उतरवून घेतला आहे. कोणा भगिनीला हवा असल्यास बैठकीच्या दिवशी मागून घ्यावा.