तारेजवळची उमेदवारी

पिट्सबर्गच्या तार कचेरीत 1849 साली आठवड्याला अडीच डॉलर पगारावर एक पोऱ्या लागला. काम साधे होते, आलेल्या तारा गावभर पोचवायच्या. सकाळी ऑपरेटर येण्याआधी यंत्राची खोली झाडायचे कामही पोऱ्यांकडेच असे. तेवढ्या वेळात ही मुले चावीवर हात बसवून घेत आणि दुसऱ्या गावच्या कचेरीतल्या आपल्यासारख्याच पोऱ्यांशी तारेवर बोलत. एके सकाळी फिलाडेल्फियाहून जोरजोरात हाक येऊ लागली. कोणाच्या तरी मृत्यूची तार होती, ती लगेच घ्यायला हवी होती आणि ऑपरेटर आलेला नव्हता. ‘सावकाश पाठवणार असाल तर प्रयत्न करतो,’ असे कळवून पोऱ्याने तार उतरवून घेतली, ती पत्त्यावर नेऊन दिली आणि मग भीतभीतच व्यवस्थापक डेव्हिड ब्रूक्स यांना सगळे सांगितले. ब्रूक्स रागावले नाहीत. पुढे ऑपरेटरला बाहेर जायचे असले की यंत्रापाशी याच मुलाला बसवले जाऊ लागले. हा मुलगा म्हणजे पुढे पोलादाच्या धंद्यात नाव काढणारा अँड्र्यू कार्नेगी. हा प्रसंग त्याने आत्मचरित्रात सांगितला आहे.

दूरसंचार कंपनीतल्या विद्यार्थ्याच्या इंटर्नशिपची गोष्ट मला इथून सुरू करावीशी वाटते. आज हा विषय निघाला की बोलणे प्रमाणपत्र, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि नोकरीची आशा यांच्याभोवतीच फिरते. मराठीत या सगळ्याला फार जुना शब्द आहे, उमेदवारी. कचेरीत बिनपगारी बसायचे, अक्षर घोटायचे, कारकुनाच्या हाताखाली हिशोब शिकायचा आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहायची, असा तो रिवाज होता. त्यात वशिला होता, पिळवणूक होती, हे नाकारता येणार नाही. तरीही शिकणारा खऱ्या दप्तरापाशी बसे आणि त्याच्या चुकीने खरा हिशोब बिघडू शके, ही त्यातली एक गोष्ट मोलाची होती. तारेच्या आणि टेलिफोनच्या धंद्याचा इतिहास पाहिला तर विद्यार्थ्याला काय मिळाले हे बहुतेक वेळा याच एका गोष्टीवर ठरलेले दिसते. चालू लाइनवरचे, बिघडले तर कोणाला तरी कळेल असे काम कंपनीने त्याच्या हाती दिले की नाही? हुशारी आणि अभ्यासक्रम यांचा नंबर त्यानंतर लागतो.

ऑलिव्हर हेविसाइडचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. सोळाव्या वर्षी त्याचे शाळेतले शिक्षण संपले आणि पुढे तो इंग्लंड-डेन्मार्क केबल चालवणाऱ्या कंपनीत, न्यूकॅसलच्या कचेरीत, तारयंत्रावर बसला. तिथे त्याला एक गोष्ट खटकली. केबल एकच असूनही एका दिशेने संदेश दुसऱ्या दिशेपेक्षा भरभर पाठवता येत. जुने ऑपरेटर ही गोष्ट रोज पाहत होते. हेविसाइडने तिचे गणित मांडले. समुद्रातल्या केबलला दोन्ही टोकांना जोडलेल्या जमिनीवरच्या तारा सारख्या नव्हत्या, हे कारण त्याला सापडले. बिघाड नेमका कुठे आहे हे मोजमापावरून ठरवणे हा त्याचा रोजचा धंदाच होता. 1874 मध्ये त्याने नोकरी सोडली, पुन्हा कुठे केली नाही, आणि पुढच्या काळात लांब तारेवर विजेचा संदेश कसा वाहतो याची जी समीकरणे त्याने दिली ती आजही अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवली जातात. तो प्रश्न त्याला कोणत्या पुस्तकाने दिला नव्हता. तो केबलच्या टोकाशी बसल्यामुळे मिळाला होता.

आपल्याकडेही तारखाते अशाच कोवळ्या हातांवर उभे राहिले. भारतात तार आणणाऱ्या ओशॉनेसी यांनी 1851 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन चालू केली आणि 1854 पासून तार सर्वांसाठी खुली झाली. यंत्रावर बसणारी तयार माणसे देशात मिळणार कुठून? पोरसवदा मुले घेऊन त्यांना घडवावे लागले. 11 मे 1857 रोजी दिल्लीच्या तार कचेरीचा प्रमुख टॉड मेरठची लाइन का तुटली हे पाहायला गेला आणि मारला गेला. मागे ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन हे दोन तरुण सिग्नलर उरले आणि उठावाची बातमी अंबाल्याला गेली ती त्यांच्या हातून. ती तार कोणत्या सत्तेच्या कामी आली याचे दुःख वाचकाला होईल, आणि ते योग्यच आहे. पण राज्याचे भवितव्य ज्या यंत्रावर अवलंबून होते तिथे खात्याने मिसरूड फुटलेली पोरे बसवली होती, हे त्या धंद्याबद्दल पुष्कळ सांगून जाते. माणसे हवीत, म्हणून शिकवावे लागते. आणि शिकवायचे, म्हणून यंत्राला हात लावू द्यावा लागतो.

टेलिफोन आल्यावर हे गणित थोडे बदलले. अमेरिकेतल्या पहिल्या एक्स्चेंजांनी सवयीप्रमाणे तार कचेरीतली मुलेच बोर्डावर बसवली. तारेवर आरडाओरडा चालून जाई. टेलिफोनवर पलीकडे गिऱ्हाइकाचा कान होता. मुलांची भाषा आणि दंगा गिऱ्हाइकांना सोसेना. 1 सप्टेंबर 1878 रोजी बॉस्टनमध्ये एमा नट या पहिल्या स्त्री ऑपरेटर रुजू झाल्या आणि थोड्याच वर्षांत हे काम बायकांचे झाले. कंपन्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या. तिथे नकली बोर्ड असे. दोरी कोणत्या भोकात घालायची, कोणते शब्द बोलायचे, हे त्यावर पक्के केले जाई आणि त्यानंतर मुलगी खऱ्या बोर्डावर अनुभवी बाईच्या देखरेखीखाली बसे. चुकीची किंमत वाढली तेव्हा कंपनीने शिकणारीला बोर्डापासून हटवले नाही, बोर्डापर्यंत जायला पायऱ्या बांधल्या. पुढचा युक्तिवाद याच पायऱ्यांवर उभा आहे.

महाविद्यालयातला विद्यार्थी या चित्रात बराच उशिरा आला. 1906 मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 27 विद्यार्थी घेऊन वर्ग आणि कारखाना आळीपाळीने अशी योजना सुरू केली. कारखान्यातली यंत्रे महाविद्यालयाला परवडणारी नव्हती आणि विकत घेतली तरी ती वर्गात धंद्याच्या ताणाखाली चालली नसती. ही रीत अमेरिकेत पसरली. 1937 च्या उन्हाळ्यात एमआयटीचा क्लॉड शॅनन हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी न्यूयॉर्कला बेल लॅब्जमध्ये काम करून आला. लहानपणी मिशिगनमधल्या आपल्या गावात त्याने वेस्टर्न युनियनच्या तारा वाटल्या होत्या आणि कुंपणाच्या काटेरी तारेतून मित्राच्या घरापर्यंत स्वतःची तारलाइनही चालवली होती. रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, उघडा किंवा बंद या दोनच अवस्थांत असतो, तेव्हा त्याची जोडणी बूलच्या तर्कगणिताने लिहिता येते, हे दाखवणारा त्याचा प्रबंध त्याच वर्षीचा. त्याचे श्रेय एकट्या त्या उन्हाळ्याला देणे चूक ठरेल; रिलेंचा प्रश्न त्याला एमआयटीतल्या गणनयंत्राने आधीच दिला होता. मात्र ज्या धंद्यात रिलेंवर अख्खी शहरे बोलत होती तो त्याने आतून पाहिला होता. यावर कोणी म्हणेल, शॅनन आणि हेविसाइड ही असामान्य माणसे, त्यांच्यावरून सगळ्यांचा नियम कसा काढणार? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नकली बोर्डावरून खऱ्या बोर्डावर गेलेल्या हजारो मुली मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. त्यांतल्या कोणाचे समीकरण प्रसिद्ध नाही, तरी धंदा त्या सगळ्यांना आला.

आता मुंबईकडे. इथे टेलिफोन एक्स्चेंज 1882 मध्ये सुरू झाले, 1943 मध्ये सरकारने ते खासगी कंपनीकडून ताब्यात घेतले आणि 1986 मध्ये मुंबई-दिल्लीचा कारभार महानगर टेलिफोन निगमकडे आला. दरम्यान 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा झाला. जुना उमेदवार या नावाने कायद्यात येऊन बसला आणि त्याला विद्यावेतनाचा हक्क मिळाला. 1973 च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविका घेतलेले अभियंतेही त्यात आले. याखेरीज महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निकमधून इनप्लांट ट्रेनिंगची रीत पडली आणि मुले तुकड्यांनी एक्स्चेंज पाहायला येऊ लागली. एक्स्चेंजमध्ये शिकण्याची खरी जागा एमडीएफ, म्हणजे रस्त्यावरच्या केबलींची आणि आतल्या यंत्राची गाठ पडते ती लोखंडी चौकट. एका बाजूला प्रत्येक घरातून आलेली तारांची जोडी, दुसऱ्या बाजूला यंत्राकडे जाणारी जोडी आणि मध्ये दोन्हींना जोडणारी तार, जंपर. गिऱ्हाइकाची तक्रार आली, डायल टोन नाही, तर इथे जोडी सोडवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या. आतल्या बाजूला टोन असेल तर बिघाड बाहेर, लाइनमन पाठवा. नसेल तर बिघाड आत. हे वाक्य वहीत उतरवून घ्यायला अर्धा मिनिट पुरतो. पण ज्याने स्वतः जोडी सोडवून कानाला टोन लावला आणि त्यावरून लाइनमन धाडला, त्याला बिघाड शोधण्याची सगळी विद्या बीजरूपाने कळली. चौकटीसमोरून रांगेत पुढे सरकलेल्या तुकडीला ती कळत नाही. सही-शिक्क्याचा कागद मात्र दोघांनाही सारखाच मिळतो.

याविरुद्ध सांगितले जाणारे सर्वांत मोठे कारण जोखमीचे आहे. नेटवर्कवरच्या एका चुकीच्या आज्ञेने जिल्हाच्या जिल्हा मुका होतो, आणि लोकांचे बोलणे गुप्त राखणे ही कायद्याची जबाबदारी आहे. 1885 च्या तार कायद्यातही संदेश फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तुरुंगवास होता. हे सगळे खरे आहे. पण गुप्ततेची हीच जबाबदारी तारेच्या पोऱ्यावर होती, आणि ऑपरेटर मुलगी तर माणसांच्या बोलण्यात बसलेली होती. जोखमीला धंद्याने उत्तर दिले ते पायऱ्यांनी. आजही प्रयोगशाळेतले नेटवर्क, मग फक्त पाहण्याची परवानगी, मग अनुभवी अभियंत्याशेजारी बसून अलार्मचे निदान, आणि शेवटी त्याच्या डोळ्यांदेखत एखादा बदल, असा जिना बांधता येतो. आता सगळे सॉफ्टवेअर झाले, हात लावायला तार उरली कुठे, असेही म्हणतात. हेविसाइडचे बोट तरी समुद्राच्या तळाशी कुठे पोचत होते? तो मोजमापावरूनच बिघाड शोधत होता, आणि स्क्रीनवरच्या आकड्यांतून तुटलेला फायबर शोधणे त्याच जातीचे काम आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. खरे काम दिले की विद्यार्थी फुकटचा मजूर होतो. जुन्या उमेदवारीचा अनुभव याची साक्ष देतो, म्हणून खऱ्या कामाबरोबर खरे विद्यावेतनही हवे. पैसे न देता फक्त पाहू देणे हा त्यावरचा तोडगा होऊ शकत नाही. तसे केले तर विद्यार्थ्याचा वेळ जातो आणि विद्याही मिळत नाही.

2024 मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत मोठ्या कंपन्यांमध्ये बारा महिन्यांच्या उमेदवारीला महिना 5000 रुपये ठरले. त्यातले 4500 सरकारचे, 500 कंपनीचे. निदान निम्मा काळ वर्गाबाहेर, प्रत्यक्ष कामाच्या जागी जावा, अशी अटही तिच्यात आहे. ही अट लिहिणाऱ्याला दुखणे नेमके कळले आहे. मात्र अट विद्यार्थ्याचे तास मोजते. ज्याच्या शेजारी तो बसणार त्या अभियंत्याचे तास कोण मोजणार? शिकवण्यात गेलेली त्याची दुपार कामात धरली जात नसेल तर तो विद्यार्थ्याला जुनी आकडेवारी आणि स्लाइडची फाइल देऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसवणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. पिट्सबर्गच्या कचेरीत ही अडचण नव्हती. पोऱ्या यंत्रापाशी बसला की ऑपरेटरला बाहेर जाता येई.