लेण्यांची पहिली नोंदवही

पनवेलजवळच्या करंजाड्याहून पश्चिमेला खाडी ओलांडली की घारापुरी लागते. पूर्वेला कर्जतकडे गेले की राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी लागतात.

घारापुरीचे लेणे केवढे भव्य! पण त्याला धनी सापडत नाही. कोणी म्हणतात कलचुरी राजांनी कोरविले, तोही तर्कच. तिथला शिलालेख सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी काढून नेला आणि तो पुढे हरवला. कोंडाण्याला मात्र दर्शनी भागावर एका मूर्तीजवळ लेख आहे : कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. राजाचे नाव गेले, कारागिराचे दोन हजार वर्षे टिकले.

लेख गेला की इतिहास मुका होतो, हे ओळखून काम करणारे एक मंडळ मुंबईत झाले. १८४३ साली जेम्स फर्ग्युसन यांनी लंडनमध्ये निबंध वाचून लेण्यांची दुरवस्था मांडली. पुढच्याच वर्षी कंपनीच्या संचालकांनी लक्ष घालण्याचा हुकूम पाठविला. १८४८ मध्ये मुंबईत ‘केव्ह टेंपल कमिशन’ नेमले गेले. अध्यक्ष होते डॉ. जॉन विल्सन, मुंबईचे विल्सन कॉलेज ते यांच्याच नावाचे.

मंडळाचे काम तसे साधे. कोणत्या गावी कोणती लेणी, याची यादी करायची. मापे घ्यायची, चित्रे काढवायची, शिलालेखांच्या नकला उतरवायच्या. विल्सन यांचा पहिला वृत्तांत १८५० साली छापला गेला. नकला उतरविण्याचे काम लेफ्टनंट ब्रेट करीत. लेखांच्या कामात विष्णुशास्त्री हे आपले पंडित होते. कोंडाण्याची लेणी अभ्यासकांच्या नजरेस प्रथम आणली ती त्यांनीच.

त्यांची काही वाचने पुढे चुकीची ठरली. पण नकला हाती होत्या, म्हणून तर ती दुरुस्त करता आली! १८८० मध्ये फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा लेण्यांवरील मोठा ग्रंथ निघाला, तो अशाच नोंदींच्या आधारावर.

शिक्षक बंधुभगिनींनो, घारापुरी १९८७ पासून जागतिक वारसा आहे. तिला राखणदार आहेत. पण रानातल्या लहानशा लेण्याला गावाशिवाय कोण? मुलांना एकदा तिथे न्या. खांब मोजू द्या, अक्षरे दिसली तर तारीख घालून वहीत जशीच्या तशी उतरवू द्या. भिंतीवर कोळशाने नाव मात्र कोणी लिहू नये. आणि कुठे तोडफोड दिसली, तर पुरातत्त्व खात्याला लगेच कळवा. दगड ढासळला तरी वहीतले अक्षर मागे राहील.