वाट बंद, फोन बंद: रामदास बोटीपासून निसर्ग वादळापर्यंत

इअरफोन नीट बसलेत ना? आजचा भाग जरा घरचा आहे. म्हणजे माझ्या नागावचा. अलिबागहून रेवदंड्याकडे निघालात की आधी आक्षी, मग नागाव, पुढे चौल. दोन्ही बाजूंना नारळी-सुपारीच्या वाड्या आणि मधून एक अरुंद रस्ता. शनिवार-रविवारी इथे आला असाल, तर या रस्त्यावर अर्धा तास अडकून तुम्ही त्याला शिव्याही दिल्या असतील.

आज बोलायचंय प्रवासाबद्दल. पण किती वेगात पोचतो याबद्दल नाही. वाट बंद पडते त्या दिवशी माणसाचं काय होतं, याबद्दल.

सुरुवात करतो ३ जून २०२० पासून. निसर्ग चक्रीवादळ. हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं होतं. दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने. अलिबागच्या दक्षिणेला म्हणजे कुठे? तर आमच्या डोक्यावर.

मी तेव्हा मुंबईत, भाड्याच्या खोलीत. आई-बाबा आणि आजी नागावला. लॉकडाऊन चालू, लाँच बंद, जिल्हा ओलांडायचा तर ई-पास हवा. सकाळी साडेअकराला बाबांशी बोललो. "वारा वाढलाय, दार लावून बसतो," म्हणाले. त्यानंतर फोन लागला तो थेट तिसऱ्या दिवशी संध्याकाळी.

मधले अडीच दिवस मी काय केलं? मोबाइलवर बघत बसलो. उपग्रहाची चित्रं, वादळाचा मार्ग, दर तासाचा नकाशा. वादळाचा डोळा कुठून कुठे गेला ते मला माहीत होतं. आमच्या घराचं छप्पर आहे की गेलं, तेवढं मात्र माहीत नव्हतं.

आता इथून थोडं मागे जाऊ. आजीच्या लहानपणात.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रामदास नावाची आगबोट रेवसला निघाली. गटारीचा सण तोंडावर, त्यामुळे गावी जाणाऱ्यांची झुंबड. तेव्हा एसटी नव्हतीच. एसटीची पहिली गाडी धावली १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर. आमच्या भागातल्या माणसाला मुंबई म्हणजे बोट, आणि बोट म्हणजे रेवस नाहीतर धरमतर. रस्त्याने गेलं तर खाडीला मोठा वळसा.

बोट निघाली आणि पाऊस-वारा वाढला. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, बोट कलंडली आणि बुडाली. धक्का सोडून एक तासही झाला नव्हता. सहाशेहून जास्त माणसं गेली. आपल्या किनाऱ्यावरच्या सगळ्यात मोठ्या जलअपघातांपैकी हा एक, आणि तरी शाळेच्या पुस्तकात मी याबद्दल एक ओळ वाचली नाही.

पण मला खरं टोचतं ते पुढचं आहे. बोटीवर वायरलेस नव्हता. बोट बुडाली तेव्हा मुंबईत नुकती ऑफिसं उघडत होती, आणि मुंबईला बातमी कळायला दुपार उलटून गेली. जे वाचले त्यातले काही पोहत आले, काहींना कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. तोवर मुंबईतून मदतीला कोणी निघालं नव्हतं, कारण मदत लागली आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

तुम्ही म्हणाल, १९४७ मध्ये वायरलेस कुठून असणार? होता की. टायटॅनिक बुडाली १९१२ मध्ये, म्हणजे ३५ वर्षं आधी. वायरलेसवरचा संदेश ऐकून कार्पेथिया नावाचं जहाज धावून आलं आणि सातशेहून जास्त माणसं वाचली. त्यानंतर १९१४ मध्ये जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात वायरलेसचे नियम आले. पण तो करार एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांसाठी होता. मुंबईहून रेवसला जाणारी बोट त्यात कुठे बसणार? म्हणजे तंत्रज्ञान होतं, नियमही होता, फक्त गटारीला घरी निघालेल्या माणसापर्यंत तो पोचला नव्हता.

आजी तेव्हा नऊ वर्षांची. तिला बोटीबद्दल काही आठवत नाही. तिला आठवतो शेजारच्या घरातला टोप. त्या घरचा कर्ता पुरुष मुंबईला गिरणीत होता, गटारीला येणार म्हणून मटण शिजवून ठेवलेलं. संध्याकाळ झाली, रात्र झाली. बोट चुकली असेल, उद्या येईल, म्हणून टोप झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी रेवसच्या बाजूने कोणीतरी चालत आलं, तेव्हा गावाला कळलं. आजी एवढंच सांगते, "त्या बाईने टोप दोन दिवस चुलीवरून उतरवला नव्हता." त्यापुढे ती कधी बोललेली नाही, मीही विचारलेलं नाही.

आणखी पन्नास वर्षं मागे जाऊ. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक घाबरून शहर सोडायला लागले, मिळेल त्या आगगाडीने, मिळेल त्या बोटीने. वाहन माणसाला नेतं तसंच रोगालाही नेतं, हे सरकारच्या लक्षात आलं आणि १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. प्रवाशांना थांबवायचं, तपासायचं, संशय आला तर वेगळं ठेवायचं, हे अधिकार त्यात आले. तपासणी इतकी अपमानाची असायची की लोक रोगाइतकेच तिलाही घाबरायचे.

आता गंमत बघा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी हाच १८९७ चा कायदा काढला. माझ्या ई-पासच्या मागे, लाँच बंद असण्याच्या मागे हीच १२३ वर्षांची गोष्ट होती. साथ आली की वाट बंद करायची. बरोबरच आहे. पण वाट बंद असताना वादळ आलं तर?

इथे मला आजच्या संशोधनाबद्दल थोडं सांगायचंय. वाहतुकीवर अभ्यास करणाऱ्या संस्था बऱ्याच जुन्या आहेत. अमेरिकेतलं ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्ड १९२० चं, दिल्लीची केंद्रीय रस्ता संशोधन संस्था १९५२ ची. आधीचे प्रश्न मुख्यतः डांबर, काँक्रीट, पूल आणि गाड्यांची गर्दी असे होते. अलीकडे तीन विषय वर आलेत. एक, तंत्रज्ञान. दोन, संकटात रस्ता किती तग धरतो आणि पडला तर किती लवकर सावरतो. तीन, लोकांचं आरोग्य. यांना नवे विषय म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर हे तीन विषय नव्हतेच कधी, एकच होता. २०२० मध्ये तो तिन्ही बाजूंनी एकदम दिसला.

निसर्गने नागाव, आक्षी, चौलच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडली. नवं झाड लावून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, हे वाडीवाल्याला विचारा. विजेचे खांब पडले, वीज गेली, मग मोबाइल टॉवर गेले. आणि ती झाडं पडली कुठे? त्याच एकुलत्या एक रस्त्यावर. एनडीआरएफची पथकं कटर घेऊन आली, पण आतल्या पाखाड्या मोकळ्या केल्या गावातल्याच माणसांनी, कोयते-कुऱ्हाडी घेऊन.

यात एक गोष्ट नीट मांडायला हवी. वादळाचा अंदाज चांगला होता. आधीच सांगितलं गेलं, हजारो लोकांना सुरक्षित जागी हलवलं, आणि म्हणून जीवितहानी कमी झाली. रामदासच्या काळाशी तुलना केली तर हे फार मोठं यश आहे. बातमी वादळाच्या आधी पोचली. पण वादळ येऊन गेल्यावर परत १९४७ झालं. आतली खबर बाहेर येईना.

आजीच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या. शेजारचा विनू सायकल घेऊन अलिबागला निघाला. आठेक किलोमीटर, एरवी अर्ध्या तासाचं काम. प्रत्येक पडलेल्या झाडापाशी सायकल खांद्यावर घ्यायची, पलीकडे उतरायचं. सकाळी गेला तो दुपारी गोळ्या घेऊन आला. तिसऱ्या दिवशी तोच चौल-भोवाळ्याच्या दत्ताच्या डोंगरावर चढला, कारण तिथे थोडी रेंज मिळते असं कोणीतरी सांगितलं. जाताना त्याने वाडीतल्या अकरा घरांतून नंबर कागदावर लिहून घेतले होते. एकेकाला फोन लावून दोन वाक्यं बोलायची, पुढचा नंबर. मला अनोळखी नंबरवरून फोन आला: "दादा, तुमच्याकडे सगळे बरे आहेत. कौलं गेली, माणसं आहेत." मी खोलीत एकटाच रडलो, खोटं कशाला बोलू.

पुढे आठवड्याने आजीशी नीट बोलणं झालं. मी विचारत होतो, घाबरलीस का, पाणी आत आलं का. ती म्हणाली, "वादळाचं काय, ते येतं नि जातं. तू मुंबईत त्या रोगात. तू बरा आहेस का, ते मला कोण सांगणार होतं?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी समजत होतो की बातमी फक्त त्यांची अडकली आहे.

आता आजचं चित्र. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० मध्येच सुरू झाली, तासाभरात पोचवते. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला, जवळपास २२ किलोमीटरचा. छान आहे, मी दोन्ही वापरतो. पण नकाशा उघडा आणि जरा खाली बोट फिरवा. पुलावरून या नाहीतर पनवेलवरून, अलिबागला येणाऱ्या बहुतेक गाड्या वडखळलाच एकत्र येतात आणि तिथून पुढे तोच रस्ता. अलिबागच्या पुढे नागावपर्यंत परत एकच. रोह्याकडून दुसरी वाट आहे, पण लांबची. बोट म्हणाल तर समुद्र खवळला की तीही थांबते. म्हणजे मोठ्या दोरीला आपण नवे पदर जोडले, पण शेवटचं टोक अजून एका धाग्यावर आहे.

आणि त्या धाग्यावर काय काय टांगलंय? १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. पण १०८ लावायला फोन लागतो, फोनला टॉवर, टॉवरला वीज. रुग्णवाहिका निघाली तरी रविवारी पर्यटकांच्या गाड्यांतून तिला वाट मिळायला हवी. म्हणून मला वाटतं, आपल्या गावाचा विकास मोजताना "मुंबई किती मिनिटांवर" याच्या बरोबरीने आणखी एक प्रश्न विचारायला हवा: झाड पडल्यावर किती तासांत रस्ता मोकळा होतो आणि तोवर निरोप कोण पोचवतं? ग्रामसभेत हा प्रश्न विचारता येतो. टॉवरला बॅटरी किती तास, गावात वायरलेस संच आहे का, झाडं कापायचं यंत्र कुठे ठेवलंय. साधे प्रश्न आहेत, आणि उत्तर देणारा माणूस समोरच बसलेला असतो.

तोवर एक काम आज करा. हा भाग संपला की फोन बाजूला ठेवा आणि घरच्यांचे चार नंबर कागदावर लिहा. पाठ आहेत का बघा. माझे नव्हते. विनूच्या त्या कागदावर माझा नंबरही आईने पाठ असलेला सांगितला म्हणून होता. तो कागद अजून आमच्या देवघराच्या फळीवर आहे, घडीवर फाटलाय. या मे महिन्यात गेलो तेव्हा आजीने त्याच्यावर दोन नवे नंबर लिहून घेतले माझ्याकडून.

तुमच्या घरात रामदास बोटीची काही आठवण असेल, कोणी त्या बोटीवर होतं, कोणी वाट बघत होतं, तर मला व्हॉइस नोट पाठवा. ती माणसं आता थोडी उरली आहेत. भेटू पुढच्या भागात.